वन्संचा खड्डा

"हा डबा कायम इथेच असतो का गं?"

चहाचं आधण ठेवून मी वळले, तर वन्सं माझ्या स्वयंपाकघरात उकिडव्या बसलेल्या, आणि हातातली टेप जमिनीपासून पिठाच्या डब्याच्या फळीपर्यंत ताणलेली. नणंद माहेरी आली की आधी भावाची चौकशी करते, भिंतीचा रंग उडालाय म्हणते, नाहीतर पंख्याखाली बसून हुश्श तरी करते. या आल्या त्या थेट फळीखाली शिरल्या.

"इथेच असतो. का? डब्याचं काही चुकलं का?"

"दारातच तू म्हणालीस, पुराचं पाणी कमरेइतकं येतं."

"येतंच मुळी! गेल्या वर्षी कमरेइतकं आलं होतं. विचारा ह्यांना."

हे म्हणजे माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ. हे दारातच उभे होते. "हो, म्हणजे, साधारण," म्हणाले. बायको आणि बहीण एका खोलीत असल्या की हे 'साधारण'च्या पुढे जात नाहीत.

"फळी गुडघ्याच्या जरा वर आहे," वन्सं टेप गुंडाळत म्हणाल्या. "कमरेइतकं पाणी येत असतं, तर कुठली शहाणी बाई पीठ इथे ठेवील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चहा उतू जात होता, म्हणून तिकडे पळाले.

वन्सं रस्त्यांच्या खात्यात इंजिनीअर. इंजिनीअर म्हटलं की लोकांना पूल दिसतात, धरणं दिसतात. यांनी जन्मभर केल्या त्या मोऱ्या. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे जावं म्हणून जी वाट ठेवतात, ती मोरी. पुलावर बांधणाऱ्याच्या नावाची पाटी तरी लागते. मोरीवरून माणसं गाड्या घेऊन जातात आणि खाली मोरी आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. ऑफिसात यांना मोरीबाई म्हणत. यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, हेसुद्धा मला संशयास्पदच वाटायचं.

आमच्या घरापुढचा रस्ता भरावावरून जातो. रस्त्याच्या अलीकडे आमची वरची आळी, पलीकडे खालची. मध्ये आमच्या मागून येणाऱ्या ओढ्यासाठी रस्त्याखाली जुनी गोल नळाची मोरी, इतकी अरुंद की एखादी फांदी अडकली तरी तुंबायची. जोराचा पाऊस झाला की पाणी आधी आमच्या घरांत शिरायचं, मग रस्त्यावरून उलटून एकदम खालच्या आळीवर कोसळायचं. खात्याने शेवटी नवी मोरी मंजूर केली, आणि काम आलं वन्संकडे. निवृत्तीच्या तोंडावर, माहेरच्या दारातलं काम. मी मनात म्हटलं, चला, एवढी वर्षं नणंद असून नसल्यासारखी, आता तरी कामाला येईल.

पुराचं पाणी कुठवर येतं ते विचारत वन्सं घरोघर हिंडल्या, आणि घरोघर लोक खोटं बोलले. आमच्या आळीने पाणी वाढवून सांगितलं, कारण जितकं पाणी जास्त तितकी मोरी मोठी, हा आमचा हिशोब. खालच्या आळीने साफ कानांवर हात ठेवले. ओढ्याच्या वाटेतली घरं म्हणून उद्या पाडायच्या नोटिसा आल्या तर? खालचा शिंपी तर शपथेवर म्हणाला, "थेंब नाही हो येत आमच्याकडे!" त्याचं शिलाईचं यंत्र मात्र गुडघाभर उंच दगडी ओट्यावर चढवलेलं. वन्संनी तो ओटाही मोजला. कुणाशी वाद नाही, भांडण नाही. लोकांची तोंडं सोडून त्या फळ्या, ओटे, कपाटांखालच्या विटा आणि विजेची बटणं मोजत गेल्या. आळीतल्या बायका मला विचारायच्या, "अगं, तुझी नणंद आमची कपाटं का मोजतेय? काही जप्ती-बिप्ती येतेय का?"

मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं.

वन्संचं लग्न मी या घरात येण्याआधीच मोडलं होतं. त्या माहेरी परतल्या नाहीत. ऑफिसजवळ एक खोली घेतली आणि तिथेच राहिल्या. सासू होती तोवर तिला भेटायला यायच्या, चहा घेऊन जायच्या. लोक म्हणायचे, काय स्वाभिमानी बाई. मी म्हणायची, थांबा. जी बाई आज हक्क सांगत नाही, ती उद्या सगळाच सांगते. घर सासऱ्यांच्या नावाचं, म्हणजे भावाइतकंच बहिणीचं. आणि घरामागची सखल जागा म्हणजे माझा जीव. तिथे माझी रोपवाटिका होती. गुलाबावर कलमाचे डोळे भरायचे, डाळिंबाच्या आणि लिंबाच्या फांद्यांना झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुट्या बांधायच्या, हे मी एकटीने शिकले आणि एकटीने वाढवलं. मधोमध लिंबाचं आईझाड. त्याच्या फांद्यांवर बांधलेल्या गुट्यांची झाडं आता कुठकुठल्या अंगणांत फळतात. पाण्यापावसातसुद्धा ते झाड टिकलं होतं, कारण पाणी यायचं तसं रस्त्यावरून उलटून जायचं, मागे साचून राहायचं नाही.

आणि एके दिवशी वन्संनी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

"मोरी रुंद करतेय. चौकोनी, आत माणूस वाकून जाईल एवढी, म्हणजे तुंबणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळं पाणी एकदम सोडलं तर खालच्या आळीत कुणी वाचणार नाही. म्हणून खालच्यांना झेपेल तेवढंच सुटेल, अशा बेताने तोंड आवळून घेतलंय. बाकीचं पाणी दोन दिवस कुठेतरी थांबवायचं."

"कुठे?" ह्यांनी विचारलं.

वन्संनी बोट ठेवलं. नकाशावर मला काही कळत नाही, पण आमच्या घराचा चौकोन कळला, आणि बोट त्याच्या मागे होतं.

"तिथे माझी झाडं आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे गं."

"माहीत आहे, आणि तरी?"

"तिथे तळ्याएवढा खड्डा घ्यावा लागेल. तुम्हा दोघांची आणि माझी संमती लागते. खातं वर्षाचं भाडं देईल, जागा आपलीच राहील."

'आपलीच' हा शब्द माझ्या कानात खडा गेल्यासारखा टोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या बाईने 'आपली' म्हटलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे नकाशाची घडी सरळ करत बसले.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, पाणी मुरायलाच तर खड्डा आहे," हे म्हणाले.

"विनोद नकोत! ज्या जागेवर भावजयीचा जीव, नेमकी तीच बरी दिसली? आज खड्डा, उद्या माझी झाडं गेली की वाटणी. मोकळी जागा वाटायला सोपी. तुम्ही भोळे सांब, तुम्हाला कळायचं नाही."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. कुणाला न सांगता वन्संच्या ऑफिसात गेले. वन्सं जागेवर नव्हत्या, मोजणीला गेल्या होत्या. शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारे गृहस्थ होते, बोलके. मी भावजय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि गप्पांच्या ओघात बोलून गेले, "खड्ड्यासाठी आधी लाकडाच्या वखारीमागची जागासुद्धा पाहिली होती. मोकळीच पडलीय. वखारवाला द्यायलाही तयार होता. पण बाईंनीच नाही म्हटलं."

झालं! मला आणखी काय पाहिजे होतं? तशीच उठले आणि संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाऊन थडकले.

त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. काहीतरी सापडेल अशी माझी खात्री होती. काय, ते मलाही सांगता आलं नसतं. नव्या घराचे नकाशे, एखादा वकील, निदान चांगलं कपाट. तिथे एक खाट, एक खुर्ची, खिळ्याला अडकवलेला रेनकोट, दाराशी चिखलाचे गमबूट. खिडकीत माझ्याकडूनच कधीतरी नेलेलं गुलाबाचं रोप, आणि तेही वेडंवाकडं छाटलेलं. खुर्ची एकच, म्हणून त्या खाटेवर बसल्या.

"वखारीमागची जागा का सोडलीत?" मी पाणीसुद्धा न घेता विचारलं.

"ती ओढ्यापेक्षा उंच आहे. पाणी चढून जात नाही गं. वखारवाल्याला भाडं दिसत होतं, म्हणून तो तयार होता."

"खोदून खाली नेता आली असती!"

"आली असती. खालून खडक लागला असता. सुरुंग लावावे लागले असते, आणि शेजारी शाळा आहे."

उत्तर तयार होतं. तयार उत्तर देणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसत नाही. "वन्सं, खरं सांगा," मी म्हटलं. "तुम्हाला हिस्सा हवाय ना? सरळ मागा. असं झाडांच्या मुळावर का उठता?"

त्या गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत राहिल्या.

"जागा दुसरीकडे असती तर मी सुटले असते गं," शेवटी म्हणाल्या. "तुझी झाडं बुडवायला मला बरं वाटेल का? घरी येते तेव्हा सगळ्यांत आधी मागच्या दारात जाऊन उभी राहते मी, ते तुला दिसत नाही का?"

मला दिसायचं. मला वाटायचं जागेचा अंदाज घेतायत.

"आणि ते लिंबाचं झाड वाचायचं नाही, हे आत्ताच सांगते," त्या म्हणाल्या. "जमतील तेवढ्या गुट्या बांधून घे. उगाच आशेवर ठेवणार नाही मी तुला."

मी तणतणत घरी आले. सही करायची नाही, असं ह्यांना बजावलं. हे जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "मी सही केली. दुपारीच."

"न विचारता?"

"ताई घरात भांडायलासुद्धा कधी आली नाही. आयुष्यात एकदा काहीतरी मागितलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. मी नाही म्हणणार नाही." या सगळ्यात एकदाही 'साधारण' नव्हतं. मला रडूच कोसळलं. माझ्यासाठी हे कधी असे उभे राहिले नव्हते, याचं जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मीही सही केली, पण दात-ओठ खात.

काम सुरू व्हायच्या आधी खात्याने रस्त्यावरच सभा घेतली. वन्सं एका खांबाला टेकून उभ्या. पहिला बोलला तो शिंपी. गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच.

"बाई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मोरी मोठी करून माहेरचं पाणी आमच्या घरात सोडणार ना?"

"मोरीतून तुमच्याकडे पाणी मोजूनच सुटणार आहे. जास्तीचं वरच थांबेल. आमच्या घरामागे."

"असं होय!" शिंपी सगळ्यांकडे वळला. "ऐकलंत का? सरकारी खर्चाने घरामागे तळं! उद्या मासे सोडतील, परवा आपल्यालाच विकतील. कुंपणच शेत खातंय!"

लोक खो खो हसले. आमची आळीही हसली. मग वरच्या आळीतूनच ओरडा सुरू झाला, की घरची मुलगी असून तिने मोरीचं तोंड आवळलंच कशाला, हिला खालच्यांनी फितवलं असणार. इकडून फितूर, तिकडून चोर. वन्सं प्रत्येकाला तेच, त्याच आवाजात पुन्हा समजावत होत्या. मी मागे उभी होते. माझ्या पोटातही तोच संशय, आणि तरी तो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकवेना. पण बोलले नाही. माझं दुःख मला पुरेसं होतं.

यंत्राने जमीन उकरायला घेतली तेव्हा मी कुंड्या गच्चीवर चढवल्या. मागच्या दाराकडे पाठ करून पोळ्या लाटायची, पण आवाज पाठीतून आत यायचा. लिंबाला हात लावू नका म्हणून मी यंत्रवाल्याशी भांडले, तेव्हा त्याने झाडाभोवतीची माती तेवढी उंचवट्यासारखी ठेवली. भोवती खोल खड्डा आणि मधोमध माझं झाड. वन्सं बघून म्हणाल्या, "नाही टिकायची गं ही माती." मी म्हटलं, "तुमच्या मोरीचं तुम्ही बघा, माझ्या झाडाचं मी बघते." गुट्या मात्र बांधल्या. रागारागात बांधल्या, त्यामुळे काही सैलच बसल्या.

मोरी पुरी झाली आणि वन्सं निवृत्त झाल्या. निरोप कसा झाला विचारलं, तर म्हणाल्या, "छान. लवकर आटोपला."

मग तो पाऊस आला. सकाळी धार लागली ती दुपारपर्यंत हात दिसू नये अशी. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. आता येईल, मग येईल. पिठाचा डबा, तांदळाचा डबा, सगळं माळ्यावर नेऊन ठेवलं होतं. वन्संच्या आकड्यांच्या भरवशावर मी घर सोडणार नव्हते. ओढा मागच्या खड्ड्यात घुसला, गढूळ, फेसाळ. उंचवट्याला लागला. वर चढला. उंचवट्याची माती एका अंगाने सुटताना मी पाहिली. झाड आधी किंचित कललं, मग थांबलं, आणि मग सावकाश आडवं झालं. मी "अगं बाई" एवढंच म्हणाले. हे मागे येऊन उभे राहिले.

पाणी खड्ड्याच्या काठाशी आलं आणि तिथेच राहिलं. उंबरा कोरडा होता. संध्याकाळी हाताने चाचपून पाहिला, तरी कोरडाच.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली तशा वन्सं आल्या. घरात न येता आधी मोरीपाशी गेल्या, तोंडाशी अडकलेला पाला छत्रीच्या टोकाने मोकळा केला. मी गाठलं तेव्हा त्या खालच्या आळीच्या घरांच्या भिंती बघत निघाल्या होत्या, पाण्याची ओल कुठे दिसते का ते. मीही मागून गेले. शिंप्याच्या दुकानाशी दोघी थांबलो. दुकान कोरडं, यंत्र चालू, आणि दोन गिऱ्हाइकं बाकावर.

"काय हो, पाणी आलं होतं का?" वन्संनी विचारलं.

"छे! यंदा पाऊस तरी कुठे झाला?" शिंपी यंत्र न थांबवता म्हणाला. "नुसता गडगडाट. गेल्या सालचा तो पाऊस. यंदा उगाच मोरीबिरी केली, खर्च फुकट."

"हो ना, तसा कमीच होता," बाकावरचा एक म्हणाला.

वन्सं नुसत्या मान हलवत होत्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "बरं झालं, आलं नाही ते," एवढं म्हणून त्या वळल्यासुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी यंत्राचं चाक हातानेच धरलं.

"अहो बाई, बोट जाईल!"

"उठा," मी म्हटलं. "पाऊस झाला नाही म्हणता ना? चला, दाखवते."

त्याच्या गळ्यातली पट्टी धरून मी त्याला रस्ता ओलांडायला लावला. गिऱ्हाइकं मागे, आळीतल्या दोघीतिघी मागे, आणि सगळ्यांत मागे वन्सं, "अगं, जाऊ दे, राहू दे," म्हणत. घराच्या कडेने मी त्याला मागे नेलं आणि काठावर उभं केलं.

समोर पाणी तुडुंब. त्यात माझं लिंब आडवं, मुळं वर आलेली, अर्ध्या फांद्या बुडालेल्या. आणि त्या गढूळ पाण्यावर पिवळी लिंबं पसरलेली, इकडून तिकडे हलत.

"हा तुमचा न झालेला पाऊस," मी म्हटलं. "तुमच्या दुकानात जायचा, तो इथे थांबलाय. सोडायचे असतील तर आणा तुमचे मासे!"

शिंपी बघत राहिला. त्याने पट्टी गळ्यातून काढली, हातात गुंडाळली. "जुनं झाड होतं का हो?" त्याने हळूच विचारलं. त्याला काय पटलं, काय नाही, देव जाणे. जाताना तो वन्संसमोर क्षणभर थांबला. नमस्कार करावा की नाही, असं काहीतरी त्याच्या हातांचं झालं. मग तसाच गेला.

लोक पांगले. वन्सं काठाच्या निसरड्या मातीवर उतरल्या. छत्री उघडून त्यांनी ती पाण्यात उलटी धरली, आणि जवळ आलेलं एकेक लिंबू त्यात ओढून घेऊ लागल्या. खूप लांबचं एक होतं, त्यासाठी वाकल्या.

"वन्सं, पडाल! आळी म्हणेल भावजयीनेच ढकललं."

त्या वाकलेल्याच राहिल्या. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मला मागून कळेना. मी चपला काढल्या, चिखलात उतरले, आणि त्यांचा हात दंडाशी घट्ट धरला, म्हणजे त्यांना ते लांबचं लिंबू गाठता येईल.